कोनले माहीत नही?

नानांना 'कृपया' या शब्दाचा राग होता. मी इंग्रजीचा प्राध्यापक, त्यांची महत्त्वाची इंग्रजी पत्रं मी लिहून द्यायचो. माझ्या हातच्या पत्रात दोन तरी 'प्लीज' असायचेच. नाना ते पेनने खोडायचे आणि खोडताना विचारायचे, "सर, आपण मागतोय की सांगतोय?"

नाना धुळ्यात कंट्रोलरचे डबे बनवायचे. केळी पिकवण्याच्या खोलीत थंडी किती ठेवायची, कापसाच्या जिनिंगमधली मोटर केव्हा थांबवायची, हे ठरवणारे डबे. आत एक जुनी, स्वस्त चिप. तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम तिच्या भाषेत उतरवायला कंपायलर लागतो. नानांचा कंपायलर जगभरातले लोक मिळून, उघड्यावर लिहितात; कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्ती सुचवावी. त्यात रोज बदल होत. नाना सकाळी चहाबरोबर ते वाचायचे, लोक पेपरातल्या निधनवार्ता वाचतात तसे: आपलं कोणी गेलं का, एवढंच पाहायला.

एक दिवस जायची वेळ आलीच. त्या चिपसाठीचा भाग कंपायलरमधून काढून टाकावा, असा प्रस्ताव आला. कारणं दोन: सांभाळणारं कोणी नाही, आणि ज्ञात वापरकर्ता नाही. नाना तो कागद छापून एसटीने जळगावला माझ्या घरी आले. 'ज्ञात'खाली दोन रेघा होत्या.

"कोनले माहीत नही?" त्यांनी विचारलं. एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत. अहिराणीत शिरले की समजायचं, आता माघार नाही.

मी म्हटलं, जुनी आवृत्ती वापरत राहा, ती कोण काढून घेतंय? त्यावर ते म्हणाले की जुन्यावर राहिलं तर जगाने केलेल्या पुढच्या सगळ्या दुरुस्त्या आपल्याला बंद. "म्हणजे आपलं वस्तुसंग्रहालय. तिकीट लावू का, सर?"

मी चार परिच्छेदांचं निवेदन लिहिलं. त्यात समता होती, तंत्रज्ञानाचं लोकशाहीकरण होतं, आणि शेवटी एक 'प्लीज' लपवला होता. नानांनी सगळं काढलं आणि यादी ठेवली. असोदा, केळीच्या दोन खोल्या. बोदवड, जिनिंगची मोटर. अमळनेर, तेलाची टाकी. अशी पानभर गावं, आणि खाली एक वाक्य: हा भाग मी सांभाळीन.

उत्तर सभ्य आणि सावध होतं. आपण कोणत्या संस्थेतर्फे? मी म्हटलं, आमच्या कॉलेजचं नाव टाका, वजन पडेल. नानांनी फक्त 'धुळे' लिहिलं.

भाग राहिला. पुढे एखाद्या बड्या कंपनीतल्या इंजिनिअरच्या बदलाने नानांचं काही मोडलं, तर नाना त्याला तासाभरात लिहायचे, 'तुमच्या बदलाने माझं मोडलं. दुरुस्त करा किंवा परत घ्या.' तो मुकाट्याने दुरुस्त करायचा. मी तेव्हा प्राचार्यांच्या दारात खुर्चीवर बसून आत बोलावण्याची वाट पाहत असे.

मग काचबिंदूने नानांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघणं बंद सांगितलं. त्यांनी मला फोनवर वाचायला बसवलं. रोज संध्याकाळी मी नवे बदल वाचून दाखवायचो, कंस आणि अर्धविरामासकट. मला अर्थ कळत नव्हता. एकदा एका ओळीवर अडखळलो, तर नाना म्हणाले, "परत वाचा." चूक तिथेच होती.

"तुम्ही अडखळता ते तपासायला पाहिजे," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी अर्थ विचारू लागलो आणि ते सांगू लागले. तीस वर्षं शिकवल्यावर मूर्ख प्रश्न विचारायची चैन मला पहिल्यांदा मिळाली.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. काही आठवड्यांतच तो प्रस्ताव पुन्हा आला: सांभाळणारं कोणी नाही. मी आधी असोद्याला फोन केला. खोल्या चालू होत्या, केळी पिकत होती. मग उत्तर लिहिलं. सांभाळणारे वारले आहेत, डबे चालू आहेत. मी प्रोग्रामर नाही, इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक आहे, शिकतो आहे. या भागातली रखडलेली एक दुरुस्ती सोबत पाठवतो.

दुरुस्ती परत आली. तीन चुका होत्या, आणि तिन्ही खऱ्या होत्या. काल त्या सुधारून पुन्हा पाठवली. तिथल्या रिवाजाने तिचा निकाल लागेपर्यंत तो भाग काढता येत नाही, आणि मला घाई नाही.