अठराच्या वरच्या ओळी

मंडळी, नशिराबादला आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या काकांचं, केळी पिकवायचं थंड चेंबर आहे. दाराजवळची केळी सारखी लवकर मऊ पडत होती. नानांचा निकाल ठरलेला: "मशीन बिघडेल शे." म्हणजे मशीनच बिघडलंय.

आज दाराजवळच्या सेन्सरच्या नोंदी लॅपटॉपवर घेतल्या. सरासरी एकदम ठीक. पण सरासरीवर माझा भरवसा नाही. प्रोग्रामला एकच अट घातली: तापमान अठराच्या वर गेलं असेल तेवढ्याच ओळी दाखव.

हजारो ओळींतून मोजक्या उरल्या. सगळ्या दुपारच्या, पण रोजच्या नाहीत. मेचं ऊन तर रोजच होतं.

मी तारखा मोठ्याने वाचायला लागले आणि काकू हसायलाच लागली. "अगं, त्या दिवशी जावई आले होते. आणि त्या दिवशी व्याही."

बाहेर एवढं तापलेलं, म्हणून नाना पाहुण्यांना चेंबरचं दार उघडून तिथेच खुर्च्या टाकून बसवतात. गप्पा तासभर तरी चालतात.

नाना मला म्हणाले, "मंग पाव्हनास्ले कोठे बसाडू?"

माझी अट बरोबर होती, मशीनही चांगलं आहे. एवढं एक उत्तर तुम्ही सुचवा. उद्या दुपारी व्याही परत येताहेत.