चौदा नंबरच्या आजींचे व्हॉइस मेसेज

मागच्या सोमवारी सकाळी मी चौदा नंबरच्या आजींना आमच्या रस्त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं नाही... सरळ काढलं.

आम्ही डब्लिनजवळ ओंगारला राहतो. चाळीस घरांचा ग्रुप, आणि ॲडमिन मी, कारण शिस्त लावायचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं. कुठल्या दिवशी कचऱ्याची कुठली बिन बाहेर ठेवायची, कुणाचं पार्सल कुणाकडे आलंय, कुणाला औषध आणून हवंय... लॉकडाउनमध्ये हे सगळं त्या ग्रुपवर चालतं. फालतू गप्पा नकोत आणि सगळं इंग्रजीत, हे दोन नियम मी पहिल्याच दिवशी लिहिले होते.

चौदा नंबरला इफेओमा राहते. नायजेरियाची, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिची आई गेल्या वर्षी भेटायला आली आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकली. लेकीने फोन घेऊन दिला, ग्रुपमध्ये घातलं आणि माइकचं बटण दाबायला शिकवलं.

तेव्हापासून रोज सकाळी सातला आजींचा व्हॉइस मेसेज. तीन-तीन मिनिटांचा! मग एकतीस नंबरचा एमेका त्यांच्याच भाषेत उत्तर देणार, की आजी पुन्हा सुरू...

मी लिहिलं, 'प्लीज, ग्रुपवर नायजेरियन भाषा नको.' इफेओमाचं उत्तर आलं, 'आँटी, नायजेरियन नावाची भाषा नाही. आम्ही इग्बो आहोत, आई इग्बो बोलते. मी तिला सांगते.' मला ते झोंबलं, कारण 'तू इंडियन बोलतेस का' असं विचारणाऱ्यांना मी स्वतः वर्षानुवर्षं सुनावत आलेय. पण नियम म्हणजे नियम. सोमवारी बिनचा दिवस बदलल्याचा माझा मेसेज आजींच्या बोलण्याखाली गडप झाला, सहा घरांनी चुकीची बिन बाहेर ठेवली, आणि मी आजींचा नंबर काढला.

गुरुवारी नाश्त्याच्या वेळी सासूबाई बोलल्या. त्या मूळच्या तासगावच्या, आणि त्याही गेल्या मार्चपासून इथे अडकलेल्या. स्वयंपाकघरातला टॅब, ज्यावर माझा ग्रुप उघडा असतो, त्यांच्याच ताब्यात असतो.

"अगं, ती बाई तीन दिस झालं बोलली न्हाई. आजारी हाय का काय?"

"कोण बाई?"

"सकाळी बोलती ती. एकदा सुरू झाली की थांबत न्हाई, आपल्या गावच्या शेवंतावानी."

मी म्हटलं, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"कळाया कशाला पायजे? म्हातारं माणूस सकाळी बोललं म्हंजे रात काढली त्यानं. न्हाई बोललं तर जाऊन बघावं."

पोहे तसेच ठेवून मी मास्क लावला आणि चौदा नंबरला गेले. इफेओमा नुकतीच ड्यूटीवरून आली होती. आजी आत खिडकीशी बसलेल्या... माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आई नीट जेवत नाहीये," इफेओमा दारातूनच म्हणाली. "सारखी विचारते, मी कुणाचं घर चुकवलं? कोण रागावलं?"

"घर चुकवलं म्हणजे?"

तेव्हा तिने सांगितलं. त्यांच्या गावात सकाळी उठलं की आसपासच्या सगळ्यांची विचारपूस करायची. न बोलता पुढे गेलं तर भांडण आहे असं समजतात. तिने आईला समजावलं होतं की हा ग्रुप म्हणजे आपल्या रस्त्याचं अंगण. म्हणून आजी रोज अंगणात उभ्या राहिल्यासारख्या घराघराशी बोलत होत्या. आणि मी समजत होते, एमेकाशी गप्पा चालल्यात.

तिने सोमवारचा मेसेज लावला आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. 'ज्या घरात बाळ रडतं, तिथल्या आईला झोप मिळो. निळ्या व्हॅनवाल्याला काम मिळो. ज्या घरात सगळ्यात आधी दिवा लागतो, तिथल्या म्हाताऱ्या बाईचे गुडघे आज कमी दुखोत...'

आमच्या रस्त्यात पहिला दिवा आमच्याकडे लागतो. पहाटे पाचला, सासूबाई उठतात तेव्हा. दुपारी गुडघा धरत त्या घरापुढे फेऱ्या मारतात, ते आजींनी खिडकीतून पाहिलं असणार.

"अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस? आणि खाली इंग्रजीत अर्थ लिहायचा होतास!"

"तुम्ही मोठ्या आहात, तुमच्याशी वाद कसा घालू?" मग ती थकल्या चेहऱ्याने हसली. "आमच्यात पाहुण्यापुढे कोला नट, म्हणजे सुपारीसारखी एक बी, ठेवतात आणि प्रार्थना करून मगच फोडतात. ती प्रार्थना इग्बोतच करायची. कोलाला इंग्रजी कळत नाही म्हणतात. आईच्या मते आशीर्वादाचंही तसंच असतं."

मी आजींकडे बघून हात जोडले. त्यांनी दोन्ही हात वर करून काहीतरी म्हटलं... मी भाषांतर मागितलं नाही.

घरी येऊन आजींना परत ग्रुपमध्ये घेतलं आणि लिहिलं, 'आजींना मी काढलं होतं. चूक माझी. बिनसाठी आता वेगळा ग्रुप, इथे ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलावं.' नऊ नंबरच्या एकट्या राहणाऱ्या ब्रीडाचं लगेच उत्तर, 'अगं, त्या गेल्या कुठे म्हणून मी काळजीत होते. चहा करताना रोज त्यांनाच ऐकते, घर रिकामं वाटत नाही.' म्हणजे आठवण सगळ्यांना होती. फक्त मला नव्हती.

शुक्रवारी सातला आजी बोलल्या. पुरती साडेचार मिनिटं! सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि टॅब माझ्यापुढे धरला, "कुटं दाबायचं?"

मी माइक दाखवला.

"बाई, आमचं बरं हाय. तू जेवलीस का?"

आयुष्यभर शिस्तीच्या नावाखाली मी किती जणांचे नमस्कार उंबऱ्यावरून परत पाठवले असतील, कोण जाणे. हा एक मात्र फिरून आमच्या दारी आला... इफेओमाच्या आईचे उपकार.