मुंजाजीचे शांत पाय

मुंजाजी शाळेत कधी स्वस्थ बसला नाही. चौथीच्या वर्गात तो तिसऱ्या ओळीत बसायचा आणि मांडी घातली तरी त्याच्या पायांचे अंगठे हलत असायचे. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला मास्तर, अंगात नको तेवढी मस्ती. पाय हलवू नको म्हणून त्याच्या तळपायावर छडी मारायचो. तो पाय आखडून घ्यायचा, हसायचा आणि दोन मिनिटांत अंगठे पुन्हा सुरू व्हायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात हे पाय आहेत आणि मीही आहे.

झरी गावात आमची घरं एकाच गल्लीत. शाळा सुटल्यावर मुंजाजी शेतीत रमला. तीन एकर काळं रान, त्यात कापूस आणि तूर. माणूस कष्टाळू आणि खाणारा. पंगतीत तो बसला की वाढपी बुंदीची बादली त्याच्याजवळच ठेवून पुढं जायचे. त्याची बायको अंबाबाई परातीएवढ्या भाकरी थापायची आणि हा चार सहज उडवायचा. बावन्नाव्या वर्षी गावात तपासणीचं शिबिर आलं तेव्हा त्याची साखर निघाली तीनशे शहाऐंशी. तहान लागायची ती उन्हाने, वजन उतरलं ते कामाने आणि पायाला मुंग्या यायच्या त्या खताच्या पोत्यांमुळे, असा त्याचा हिशेब होता.

मला स्वतःला साखरेचा आजार सोळा वर्षांपासून. निवृत्त झाल्यावर साखरवाल्यांसाठीच्या एका शिबिरात आठ दिवस राहून मी ध्यान शिकून आलो होतो आणि मारुतीच्या देवळात रोज सकाळी सहाला वर्ग घ्यायचो. साखरवाले दहा-बारा जण यायचे. गोळी सोडायची नाही, जेवण मोजून करायचं, मन थाऱ्यावर ठेवायचं, एवढंच माझं सांगणं. ते आजही चूक वाटत नाही. माझी चूक दुसरीकडंच आहे.

मुंजाजी आला आणि त्याने सगळं मनावर घेतलं. वर्गातली छडी जे करू शकली नाही ते आजाराच्या भीतीने केलं. दीड भाकरी म्हटल्यावर त्याने विचारलं, "गुर्जी, आमच्या घरची का तुमच्या घरची?" मग माझ्या घरी येऊन आमच्या भाकरीएवढं स्टीलचं एक झाकण शोधलं आणि त्या मापाने अंबाबाईला भाकरी थापायला लावली. आधी कच्च्या मेथीचा कालवलेला घोळाणा आणि काकडी, मग घट्ट वरण, मग भाकरी. चहातली साखर गेली. मुलीच्या, राजेश्रीच्या लग्नात व्याह्याने सगळ्यांसमोर बुंदीचा घास भरवला. नाही म्हटलं तर व्याह्याचा अपमान. मुंजाजीने तो घास गालात धरून ठेवला आणि मांडवामागं जाऊन थुंकला. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. लोकांना वाटलं, मुलीसाठी.

ध्यानात मात्र त्याची पंचाईत व्हायची. मी सांगायचो, डोळे मिटा, उजव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करा, तिथं काय जाणवतं ते नुसतं बघा, मग घोटा, पोटरी, गुडघा, असं वर या. मुंजाजीचं मन कधी म्हशीकडं, कधी तुरीकडं. पण चारेक महिन्यांनी वर्ग संपल्यावर तो मला म्हणाला, "गुर्जी, मन काय जाग्यावर न्हाई. पन पाय लय शांत झाले बगा. मुंग्या गेल्या. अंगठ्यापाशी ध्यान नेलं तर तितं कायबी न्हाई, निस्तं शांत."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला आनंद झाला. ज्या पायांना मी छड्या मारल्या ते पाय चाळीस वर्षांनी माझ्यासमोर न हलता बसले होते. "हेच ध्यान," मी म्हणालो. "पायापासून सुरू झालंय, हळूहळू वर येईल."

त्या आठ दिवसांच्या शिबिरातून आणलेला एक कागद माझ्याकडं होता. त्यावरचं सगळं मी वर्गात वाचून दाखवलं होतं, शेवटचे दोन मुद्दे सोडून. रोज तळपाय तपासा. अनवाणी चालू नका. देवळाच्या पायरीखाली सगळ्यांच्या चपलांचा ढीग पडलेला, समोर भेगाळलेल्या टाचांची माणसं बसलेली, त्यांना काय ते वाचून दाखवायचं. शहरातल्या नाजूक लोकांसाठी असेल, असं मीच ठरवून टाकलं. बधिर झालेला पाय जखम सांगत नाही, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. मुंजाजीच्या बाबतीत ती मला सुचली नाही, कारण मला दुसरं काहीतरी हवं होतं.

दोन वर्षांत त्याची साखर उपाशीपोटी एकशे वीसवर आली. मी त्याला उदाहरण म्हणून सगळ्यांपुढं उभं करायचो.

गेल्या जानेवारीत त्याची तूर मशीनवर काढायची होती. आता खळं म्हणजे वावरात अंथरलेली ताडपत्री, पण मुंजाजी जुन्या वळणाचा. जागा झाडून नारळ फोडला की रास उचलेपर्यंत तिथं कुणी पायात चप्पल घालायची नाही. धान्य म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढं चप्पल कशी चालेल? त्याने चप्पल बांधावर काढली आणि दिवसभर तुरीच्या पेंढ्या मशीनपाशी वाहिल्या. तूर कापल्यावर रानात जी धसकटं उरतात ती खिळ्यासारखी उभी असतात. ज्याचे पाय जागे असतात तो चुकवत चालतो.

संध्याकाळी अंबाबाईला फरशीवर लाल ठसे दिसले. तिने त्याचा पाय उचलून पाहिला तर तळव्यात बोटाएवढं धसकट मोडून बसलेलं. "अवं, हे काय हाय? तुमाला कळलं न्हाई का?" तर हा म्हणाला, "मला कायबी व्हायला न्हाई." तिने धसकट उपसून काढलं, हळद भरली, चिंधी बांधली.

तिसऱ्या दिवशी तो चिंधी बांधलेला पाय घेऊन वर्गाला आला. मी विचारलं, "दुखतंय का रे?"

"न्हाई गुर्जी. जरा सुदिक न्हाई."

आणि मी वर्गाला म्हणालो, "बघा, दुखण्याकडं त्रयस्थासारखं बघणं म्हणतात ते हे."

हे वाक्य मी बोललो. दहा माणसांनी ऐकलं. मुंजाजी त्यावर लहान मुलासारखा खूश झाला, आणि घरी जाऊन अंबाबाईला सांगितलं की दवाखान्याचं काही काम नाही, गुर्जींनी बघितलंय. मी बघितलं नव्हतं. मी चिंधीसुद्धा सोडायला लावली नव्हती.

बाराव्या दिवशी घरात वास यायला लागला तेव्हा अंबाबाई माझ्याकडं आली. परभणीला नेलं तर पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता आणि अंगात ताप चढलेला. डॉक्टर तरुण पोरगी होती. तिने पेनचं टोक दुसऱ्या पायाच्या, चांगल्या पायाच्या अंगठ्याला टोचलं आणि विचारलं, "कळतंय का?" मुंजाजी छताकडं बघत होता. तिने पुन्हा टोचलं. मग म्हणाली, "काका, हे कधीपासून आहे?"

"दोन वर्स झाले, म्याडम. पन ते आजाराचं न्हाई. ते ध्यानाचं हाय. इचारा गुर्जीला."

डॉक्टरने माझ्याकडं पाहिलं. मी हातातल्या केसपेपरवर नजर लावली. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. उरलेला डावाही तसाच मुका आहे, हे तिने मला बाहेर बोलावून सांगितलं.

वर्ग मी बंद केला. महिनाभर मुंजाजीच्या दारावरून जायचं टाळलं, लांबच्या बोळाने फिरून जायचो. शेवटी अंबाबाईनेच निरोप धाडला, की ते तुमची आठवण काढायलेत.

गेलो. तो बाजेवर बसला होता, लुंगी गुडघ्यापाशी दुमडून खाली खोचलेली. समोर ताट. त्यात स्टीलच्या झाकणाच्या मापाची दीड भाकरी, घोळाणा, घट्ट वरण. अंबाबाई म्हणाली, काल साखर एकशे अठरा आली. तिने ते कौतुकाने सांगितलं आणि मला तोंड वर करवेना.

"मुंजाजी, माझं चुकलं," मी म्हणालो. "मला कळायला पाहिजे होतं."

त्याने हात हलवला, जसं काही मी जेवायला नको म्हणत होतो. "तुमी काय वाईट सांगितलं का, गुर्जी? ते ऱ्हाऊ द्या. मला येक इचारायचंय." तो वाकला आणि जिथं उजवं पाऊल असायला हवं होतं तिथं बाजेवर हात ठेवला. "हा अंगठा दुखायलाय. सकाळपासून ठणकायलाय. मुंग्यापन आल्यात. व्हता तव्हा दोन वर्सं कायबी बोलला न्हाई, अन आता न्हाई तर बोलायलाय."

मी त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिलो.

मुंजाजीने ताट बाजूला सरकवलं, पाठ ताठ केली, डोळे मिटले. "सांगा गुर्जी," तो म्हणाला. "उजव्या अंगठ्यापासूनच सुरू करू ना?"

तो डोळे मिटून वाट बघत बसला होता, मी सांगेन म्हणून.