बॅटरीच्या गाडीत पाट

वीसेक वर्षांपूर्वी पंचवटीतल्या आमच्या गल्लीतून एक गृहस्थ रोज बॅटरीची चिमुकली मोटार घेऊन जायचे. गाडीला आवाज नव्हता, म्हणून खिडकीतून हात काढून दार थोपटत म्हणायचे, "येतोय हो!" मी ओट्यावरून ओरडायचे, "मिक्सरला चाकं लावलीत!" केवढी अक्कल होती मला!

एकदा रिक्षांचा संप, आणि सटाण्याहून फोन आला की लेकीला कळा सुरू झाल्या. मी रडकुंडीला आले. तीच गाडी दारात थांबली.

"बसा काकू, स्टँडवर सोडतो."

"शॉक नाही ना बसणार?" असं विचारून मी आतून लाकडी पाट आणला, सीटवर ठेवला आणि वर बसले. डोकं छताला टेकलं. ते गंभीरपणे म्हणाले, "पान वाढायला सांगू का?"

एसटी सुटताना ते माझा विसरलेला पाट डोक्यावर घेऊन धावत आले. सगळा स्टँड हसत होता. खिडकीतून पाट देत म्हणाले, "बारशाला लागेल, काकू!"

लागला. ती नात आता विजेची मोटार चालवते. मी शेजारी नुसत्या सीटवर बसते आणि गल्ली आली की हात काढून दार थोपटते. त्या गृहस्थांना मी नावसुद्धा विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते फक्त शॉकचं.