वारा प्यालेला वेल

नागुबाईच्या पानमळ्यात त्या उन्हाळ्यात एकच ओळ उरली होती. बाकीचे वेल आधाराच्या शेवरीच्या झाडांवरच वाळून गेले. जळकोटाकडचं हे गाव नव्या लातूर जिल्ह्यात आलं तेव्हा सत्कार झाले, पाट्या रंगल्या, कलेक्टर जवळ आला. पाणी तेवढं आलं नाही. टँकर यायचा तो माणसांपुरता. पानवेलीसाठी अर्ज करायला नागुबाई काही खुळी नव्हती.

हा वेल तिच्या सासूनं, रत्नम्मानं, उदगीरकडच्या माहेराहून आणलेला. पानवेल बी पेरून लावत नाहीत. जुन्याचा तुकडा कापून नवा लावायचा. म्हणजे ही ओळ गेली की रत्नम्माचा वेल कायमचा संपला. नवरा गेला होता, सासू गेली होती, मूलबाळ नव्हतं. मळ्यात उभं राहिलं की नागुबाईला आपलं कुणीतरी आहे असं वाटायचं. मुदखेडला बहीण चांगुणाच्या विहिरीला अजून पाणी होतं. तिथं बेणं न्यायचं तिनं ठरवलं.

बेणं पाण्यातच कापायचं, ही रत्नम्माची शिकवण. दांड्याच्या आत केसाहून बारीक नळ्या असतात. वरून पान ओढतं आणि खालचं पाणी त्या नळ्यांतून अखंड तारेसारखं वर चढतं. कापलेलं टोक उघड्यावर राहिलं तर पाण्याऐवजी हवा आत शिरते, नळीत बुडबुडा अडकतो आणि तार तुटते. मग हौदात बुडवा नाहीतर नदीत, पान तहानलेलंच राहतं. रत्नम्मा म्हणायची, "येलानं वारा प्याला, आता त्यो काय पाणी पीत न्हाई."

टँकरच्या आपल्या वाटणीतून नागुबाईनं पाणी राखलं, घमेल्यात टोकं बुडवून विळ्यानं कापली, आणि कळशीत ती खोचून मुखेडला बस धरली. बसमध्ये सगळ्यांचे डोळे कळशीवर. "माणसाला प्यायला न्हाई, आन् ही पाल्याला पाजून राहिली," मागून कुणीतरी बोललं. तिनं कळशी पोटाशी ओढून घेतली.

नायगावच्या अलीकडे, उजाड माळावर, बस थांबली. बॉनेटमधून वाफा निघत होत्या. ड्रायव्हर वीरण्णानं फडकं धरून रेडिएटरचं झाकण हळूच उघडलं. आत पाणी नव्हतं. त्या जाळीतही नळ्याच, धातूच्या, चपट्या. त्यांतून पाणी फिरलं, बाहेरून वारा लागला, की इंजिन थंड राहतं. पाणी नसेल तर नुसत्या वाऱ्याचा काही उपयोग नाही.

पुढच्या बाकावर सिंधू नावाची पोर बाळंतपणाच्या कळा देत होती. तिला नायगावच्या दवाखान्यात न्यायचं होतं. शेजारी बसलेली सिंधूची आई कळशीकडे बघत होती. वीरण्णा नागुबाईसमोर येऊन उभा राहिला. "मावशी, मला बी कळतंय. पर दुसरं पाणी न्हाई हो."

नागुबाईला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, त्या पोरीचासुद्धा. मग त्या रागाची लाज वाटली. तिनं बेणं उपसून मांडीवर घेतलं आणि कळशी पुढे केली. रेडिएटरमध्ये पाणी ओतताना वीरण्णानं तळाशी घोटभर ठेवलं होतं. ते तिनं सिंधूच्या तोंडात ओतलं.

बस सुरू झाली, खिडकीतून झळा आत आल्या. नागुबाईनं टोकं कळशीच्या ओल्या बुडाला घासली, पदरात गुंडाळली. पदर बघता बघता सुकला. शेवटी त्यातले चार चांगले फाटे निवडून तिनं त्यांची टोकं तोंडात धरली. सकाळपासून ती पाणी प्यालेली नव्हती. तोंडात थुंकीही उरली नव्हती, तरी जिभेनं ती टोकं चोखत राहिली. लोक हसले. तिला रडू येत होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

मुदखेडला चांगुणानं पाण्याचा तांब्या पुढे केला. नागुबाईनं आधी तो परातीत ओतून टोकं बुडवली, पाण्यातच विळ्यानं कापली. पानं ताठ होईनात. वर सरकून पुन्हा कापलं, पुन्हा वर. फाटे बोटाएवढे उरले.

"अगं, तू तर पाणी पी," चांगुणा म्हणाली.

जे उरलं ते दोघींनी विहिरीकडेला लावलं. आठवड्याभरात काळं पडलं. ती गावी परतली तोवर मळ्यातली ओळही वाळून गेली होती.

पावसाळ्यात मुखेडच्या स्टँडवर वीरण्णानं तिला ओळखलं. "मावशी, ती बाळंतीण सुखरूप हाय बघा. लेक झाली." मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "तुमचा येल जगला का? मला लई घोर हुता."

"जगला की," नागुबाई म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "मग एक पान द्या की आम्हाला."

"थांब, बोचकं तिकडं ठिवलंय." ती पानपट्टीच्या आडोशाला गेली आणि जन्मात पहिल्यांदा पान विकत घेतलं. जाड, कुण्या परक्या मळ्यातलं. सवयीनं तिनं ते पदरानं पुसलं आणि आणून त्याच्या हातावर ठेवलं.

वीरण्णानं चुना लावला, घडी घातली, डोळे मिटून चावलं. "घरच्या मळ्याच्या पानाची चवच येगळी," तो म्हणाला.

"व्हय," नागुबाई म्हणाली.