चौदा मिनिटांचं गाणं

जबलपूर सोडलं त्या सकाळी प्लॅटफॉर्मवर आईचं लक्ष माझ्यापेक्षा माझ्या खांद्यावरच्या बेस गिटारकडे जास्त होतं. "हे काहून घेऊन चालला? नोकरीवर चालला ना तू?" बाबा म्हणाले, "असू दे. शेजारी भांडायला येतील, तेवढीच ओळख होईल." आम्ही हसलो. सोडायला आलेले सलिल आणि अनुराग मात्र हसले नाहीत. आमच्या बँडचं तिसरं गाणं अर्धं राहिलं होतं आणि मी निघालो होतो.

जबलपूरच्या मराठी मंडळींनो, तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुमच्यापैकी कुणी आमचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही. आम्ही तिघं डूम मेटल वाजवायचो. मेटलमधला सगळ्यात संथ, जड आणि रडका प्रकार. एका ठोक्यानंतर दुसरा पडेपर्यंत चहाचा घोट घेऊन होतो. बाबा म्हणायचे, "अरे, ग्वारीघाटावर मयत नेतानासुद्धा लोक याहून भरभर चालतात."

सलिल गायचा आणि गिटार वाजवायचा. ड्रमवर अनुराग, मूळचा जवळच्या मझौली गावचा, शहरात अधारतालला खोली घेऊन राहिलेला. विजय नगरला सलिलच्या गच्चीवरच्या खोलीत, भर मे महिन्यात, भिंतींना रजया टांगून आणि पंखा बंद करून आम्ही पहिली दोन गाणी रेकॉर्ड केली. घामाने बोटं तारांवरून घसरायची. क्लिक, म्हणजे कानात टिकटिकणारा मोजलेला ताल, आम्ही कधी लावलाच नाही. पुढचा ठोका कधी, हे एकमेकांकडे बघून कळायचं. माझं बोट अडखळलं की अनुराग काठी हवेतच धरून थांबायचा. "आराम से, भैया. मैं रुका हूँ." त्यामुळे एकच गाणं कधी बारा मिनिटांचं व्हायचं, कधी चौदा.

बंगळुरूला आल्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, आता क्लिक लावून आपापल्या जागी वाजवू, मी फाइल पाठवतो. सलिल म्हणत होता, चार दिवस येऊन जा, होऊन जाईल. नवी नोकरी, सुट्टी मागायची हिंमत झाली नाही; आणि खरं सांगायचं तर जायची गरजही वाटली नाही.

अनुराग बिचारा महिनाभर हेडफोन लावून झटला. तिघांच्या फाइली एकत्र लावल्यावर सलिलचा फोन आला. "सगळं बरोबर आहे बे. पण कोणी कोणाची वाटच नाही पाहून राहिलं. ये ना एकदा." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. असे किती पुढचे महिने गेले कुणास ठाऊक.

अनुराग ड्रम विकून मझौलीला घरच्या दुकानावर बसला. दिवाळीत गेलो तेव्हा सलिलने चहा पाजला, पाहुण्याला विचारावं तसं नोकरीचं विचारलं. भिंतींवरच्या रजया उतरल्या होत्या. मी गाण्याचा विषय काढला, तर म्हणाला, "चलो, जाऊ दे." तो चार शिव्या देता तर बरं झालं असतं.

आता आई-बाबाही माझ्याकडेच असतात, त्यामुळे जबलपूरला जायला निमित्त उरलेलं नाही. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर अजून जबलपूरच सांगतो. पण घर म्हणजे आपण चुकलो तर आपल्यासाठी थांबणारी माणसं, आणि ती मी माझ्या हाताने घालवली. त्या गाण्यातली माझ्या बेसची फाइल तेवढी लॅपटॉपवर आहे. कधीतरी लावतो. चौदा मिनिटं मी एकटाच वाजवत असतो, आणि एकदाही चुकत नाही.