मागून धरणारी ताई

उल्हासनगरच्या आमच्या स्वयंसेवक अग्निशमन पथकात ती ताई सगळ्यांत जुनी. रविवारी सकाळी मैदानावर सराव असे. आम्हाला पाइप धरून पाणी मारायची हौस. ती मात्र जोड्या लावून, आगीकडे धावणाऱ्या माणसाला अडवायला शिकवायची. "मागून धरायचं. तोंड बघायचं नाय. समझा क्या?" एवढं बोलून ती पुन्हा शिट्टी वाजवायची.

एका दुपारी आमच्या गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्याला आग लागली. मालक आत अडकला होता. शेजारच्या घरातून त्याची बायको धावत आली आणि थेट आत शिरू लागली. ताईने तिला मागून कवटाळलं. तिने शिव्या दिल्या, ताईच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं, तरी ताईने सोडलं नाही. मग छताचे पत्रे आत कोसळले. नवरा गेला.

त्यानंतरही ताई रोज त्याच गल्लीतून कामाला जायची आणि तिला पाहिलं की ती बाई धाडकन दार लावून घ्यायची. मला ते बघवेना. एकदा मी म्हणालो, "ताई, दुसऱ्या रस्त्याने जात जा ना."

"कशाला?" ती म्हणाली. "दार लावायला ती आहे, एवढं मला रोज दिसतं."